बारा यार्डांच्या आत

१४ सप्टेंबर १८९५, कल्याण

होय म्हणून बसलो. आता माघार घेता येत नाही.

शाळा सुटली तेव्हा पिंटो दारातच उभा होता. रेल्वेत गार्ड आहे, आणि इथल्या रेल्वेवाल्यांच्या फुटबॉल संघाचा कप्तान. टोपी हातात धरून म्हणाला, "मास्तर, पुढल्या शनिवारी ठाण्याच्या मैदानावर बक्षिसाच्या ढालीचा शेवटचा सामना. पंच तुम्ही व्हा." मी म्हटले, ठाण्याचा कप्तान विश्राम हा माझा मेहुणा — बायकोचा सख्खा भाऊ — ठाऊक आहे ना? तर म्हणाला, "ठाऊक आहे. पण नियमांचं पुस्तक वाचलेला दुसरा माणूस मला सापडत नाही."

ते खरे असावे. मुंबईस कॉलेजात असताना खेळत होतो. गुडघा गेला आणि खेळ सुटला. पुस्तक राहिले.

ठाणेकरही राजी आहेत म्हणे. का नसावेत? पंच म्हणजे गावचा जावई.

मी होय का म्हटले ते इथे लिहायला हरकत नाही. चैत्रापासून ठाण्यात पाऊल टाकले नाही. जायला काही निमित्त हवे होते.

१६ सप्टेंबर

भात पुन्हा करपला. रखमाबाई भांडी घासता घासता म्हणाली, "मास्तर, बाय कवा येनार?" म्हटले, येतील. तिने पातेल्याच्या बुडाला आणखी राख लावली.

१८ सप्टेंबर

ठाण्याहून गोविंदा आला होता, सासऱ्यांकडचा जुना गडी. अण्णांचा निरोप — "सामना आटोपला की घरी या. फराळ करू. उत्तराला कधी पाठवायचं तेही बोलून टाकू." अण्णा वकील आहेत. निरोपसुद्धा कलमे पाडल्यासारखा धाडतात. पण मी तो गोविंदाकडून दोनदा वदवून घेतला.

"बाईसाहेब कशा आहेत?" मी विचारले.

"बऱ्या हायेत."

"जेवतात नीट?"

गोविंदाने मान हलवली. हो की नाही ते कळले नाही. पुन्हा विचारायला जीभ रेटली नाही.

मंदा गेली त्या दिवशी मी शाळेत गेलो होतो. सकाळी सगळे उरकून आलो, आंघोळ केली, आणि शाळेत जाऊन मुलांना भूमिती शिकवली. सात महिन्यांची होती. तीन दिवसांचा ताप. मला दुसरे काय करावे ते सुचले नाही म्हणून गेलो. संध्याकाळी उत्तरा म्हणाली, "तुम्हाला काहीच कसं होत नाही?" मी गप्प राहिलो. होत होते. पण ते बाहेर कसे काढतात ते मला येत नाही. त्या आठवड्यात विश्राम येऊन तिला घेऊन गेला. थोडे दिवस, असे म्हणाला होता.

मी जाऊन आणायला हवे होते. रोज वाटते. रोज शाळा असते.

१९ सप्टेंबर

नियम पुन्हा वाचून काढले. गोलाच्या रेघेपासून बारा यार्डांच्या आत कोणी मुद्दाम चेंडूला हात लावला, पाडले, धरून ठेवले, तर पेनल्टी. म्हणजे समोरच्याला मोकळा फटका, आड फक्त गोलकीपर. विलायतेत हा नियम येऊन चार वर्षे झाली. आमच्याकडे अजून पुष्कळांना तो अन्याय वाटतो. पूर्वी खेळाडूंनी हरकत घेतल्याखेरीज पंचाने तोंड उघडायचे नाही असा रिवाज होता. आता पंचाने आपण होऊन शिट्टी वाजवायची. मग हरकती येतात त्या शिट्टीवर.

मैदानावर कोणत्या वेळी काय करायचे ते लिहून ठेवलेले असते. त्यामुळे मला तिथे बरे वाटते.

कोटाला इस्त्री करून आणली. चांगला दिसायला हवा. सामन्यासाठी नव्हे.

२१ सप्टेंबर

घरी आलो. जेवलो नाही. जसे झाले तसे लिहून ठेवतो.

मैदानाला माणसांचा वेढा पडला होता. पोरे झाडांवर चढलेली. पुढच्या ओळीत खुर्च्या, त्यात अण्णा — पागोटे, उपरणे, हातात काठी. मी नमस्कार केला. ते हसून शेजारच्याला म्हणाले, "आपलाच माणूस आहे." मला ते आवडले. खोटे कशाला लिहू!

रेल्वेवाले बूट घालून, ठाणेकर अनवाणी. गवत ओले होते. खेळ चांगला झाला. ठाण्याची पोरे वाऱ्यासारखी पळतात, आणि विश्राम मागे उभा राहून सगळ्यांना हाका मारून जागच्या जागी ठेवतो. त्याला खेळताना पाहिले की कोणालाही तो आवडावा. शेवटाकडे आलो तरी कोणाचाच गोल नव्हता.

मग पिंटो उजवीकडून आत घुसला. ठाण्याचा गोलकीपर पुढे धावून आला, घसरला, पडला. गोल उघडा. पिंटोने मारले. रेघेवर एकटा विश्राम. चेंडू छातीच्या उंचीने आला आणि विश्रामचा उजवा हात वर गेला. चेंडू मनगटाखाली बसला आणि त्याच्या पायाशी पडला. त्याने तो लांब लाथाडला.

मी अगदी जवळ होतो. शिट्टी वाजवली. बारा यार्डांवरच्या चुन्याच्या रेघेकडे बोट केले.

मग सगळे अंगावर आले. "छातीला लागला!" "पंच झोपलाय काय?" "दोन्ही कडेचे निशाणवाले काही बोलत नाहीत, यांनाच कसं दिसलं?" काळुराम म्हणून त्यांचा एक धिप्पाड गडी आहे, त्याने माझ्या कोटाची कॉलर धरली. विश्रामनेच त्याचा हात काढला. माझ्यासमोर उभा राहिला. धापा टाकत होता.

"त्रिंबकराव, छातीला लागला."

"हात होता, विश्राम."

"छातीला." मग आवाज खाली आणून — "अण्णा बघतायत. सगळं गाव बघतंय. आज घरी यायचंय ना तुम्हाला?"

"हात होता."

"मी आईची शपथ घेऊन सांगतो —"

"घेऊ नकोस," मी म्हटले. "शपथ घेऊ नकोस."

तो थांबला. माझ्याकडे असा पाहत राहिला की त्याच्या त्या नजरेचा अर्थ मला अजून लागलेला नाही. मग वळला आणि मागे गेला.

पिंटोने त्या बारा यार्डांच्या रेघेवर चेंडू ठेवला आणि मारला. गोल. थोड्याच वेळात मी शेवटची शिट्टी वाजवली. ढाल कल्याणला आली.

अण्णा उठले. उपरणे झटकले, खांद्यावर घेतले, आणि माझ्या बाजूला न पाहता निघून गेले. त्यांच्या मागून खुर्च्या उचलल्या गेल्या. मी कोट हातावर घेऊन उभा होतो. कोणीतरी चला म्हणेल म्हणून उभा राहिलो. बराच वेळ राहिलो असेन, कारण गुरे मैदानात चरायला आली. मैदानाच्या कडेलाच अण्णांचे माडीचे घर आहे; त्या घराकडे मान वळवायचा धीर झाला नाही. मग स्टेशनाकडे चालू लागलो.

२२ सप्टेंबर

हात होता.

२४ सप्टेंबर

पिंटो घरी आला. केक आणि विलायती दारूची बाटली घेऊन. "तुम्ही आमचे माणूस," म्हणाला. "आमच्या पोरांना वाटलं नव्हतं की तुम्ही आपल्या नातेवाइकावर पेनल्टी द्याल."

मी बाटली परत दिली. म्हटले, तुझा हात लागला असता तर तुझ्यावर दिली असती. तो हसला. त्याला तो विनय वाटला. केक मात्र ठेवूनच गेला. रखमाबाईने त्याचा वास घेतला आणि नको म्हणाली. मलाही गेला नाही.

अण्णांना वाटले मी त्यांचा. पिंटोला वाटते मी त्याचा.

२६ सप्टेंबर

न्हावी दाढी करताना म्हणाला, "मास्तर, बरं केलंत. बायकोला पाठवत नाहीत म्हणजे काय? चांगली अद्दल घडवलीत."

मला पहिल्यांदा समजलेच नाही. मग समजले. गावात असे बोलतात तर! मेहुण्यावर सूड उगवला. वस्तरा गळ्यावर होता, म्हणून हललो नाही.

हे ठाण्यापर्यंत गेलेच असणार. तिच्या कानावरही.

दसरा

रखमाबाईने आपट्याची पाने दिली. आणखी कोणी आले नाही. मीही कोणाकडे गेलो नाही.

३ ऑक्टोबर

विश्राम आला होता.

शाळेतून आलो तर ओट्यावर बसलेला. एकटाच. आत बोलावले, चहा केला. साखर जास्त पडली. त्याने दोन घोट घेतले. घरभर नजर फिरवत होता — उत्तराच्या वेळचे घर आणि आताचे. दोरीवर माझे एकच धोतर.

"अण्णांनी पाठवलंय," म्हणाला. "पुढल्या शनिवारी शेटजींच्या बंगल्यावर बैठक आहे." शेटजी म्हणजे ढालीचे बक्षीस ठेवणारे पारशी गृहस्थ. "आम्ही हरकत घेतलीय. तुम्ही एवढंच सांगायचं की गर्दी होती, नीट दिसलं नाही. चूक झाली असं म्हणायलाही नको. खात्री नाही म्हणा. सामना पुन्हा होईल. कोणाचं काही जात नाही."

"आणि?"

"आणि उत्तरा दिवाळीला इथे असेल. अण्णांनी शब्द दिलाय."

मी विचारले, "तिला ठाऊक आहे, तू कशासाठी आलास ते?"

"बायकांना काय विचारायचं त्यात?"

"कशी आहे ती?"

त्याने कप खाली ठेवला. "बोलत नाही. कोणाशीच. आई म्हणते जेवणसुद्धा चिमणीएवढं." मग एकदम त्याचा आवाज निराळा झाला. "त्रिंबकराव, ढालीचं जाऊ द्या. ती घरात भिंतीला टेकून बसते हो दिवसभर. मला बघवत नाही. मी भाऊ आहे तिचा. एका वाक्याने जर ती आपल्या घरी येत असेल तर तुमचं काय जातं?"

मी म्हटले, "मला एक सांग. तू मला सांग, बाकी कोणी नाही. हात लागला की नाही?"

"सगळे म्हणतात नाही लागला."

"तू."

"तो प्रश्न आता राहिला नाही," म्हणाला आणि उठला. दारात पायताण घालताना माझ्याकडे पाठ होती. "विचार करा. तिचा करा."

गेला. त्याच्या कपात चहा अर्धा तसाच होता.

४ ऑक्टोबर

शाळेत लक्ष नव्हते. फळ्यावर त्रिकोणाची आकृती काढली आणि पुढचे विसरलो.

६ ऑक्टोबर

आज एक भयंकर गोष्ट झाली. डोळे मिटून तो क्षण पुन्हा पाहत होतो. आजवर कितीतरी वेळा पाहिला आहे. चेंडू येतो, हात वर जातो. पण आज चेंडू छातीवर बसला. स्पष्ट. हात नंतर वर गेला. पुन्हा पाहिले. पुन्हा छाती.

मग तिसऱ्यांदा हात.

मला काय दिसले होते? खरेच दिसले होते का? सगळे मैदान म्हणते नाही. निशाणवाले म्हणतात आम्हाला दिसले नाही. माझ्याजवळ माझ्या दोन डोळ्यांखेरीज काही नाही, आणि आता तेही माझ्याशी भांडू लागले.

खात्री नाही म्हणा — असे तो म्हणाला होता. आज जर म्हटले तर ते खोटेही ठरणार नाही.

८ ऑक्टोबर

तिच्या पेटीवरची धूळ पुसली. उघडली नाही.

९ ऑक्टोबर

वाक्य बोलून पाहिले. घरात कोणी नव्हते. "गर्दी होती, मला खात्री देता येत नाही." सोपे आहे. पुन्हा म्हटले. दारात पाण्याची घागर घेऊन रखमाबाई उभी. "कुनाशी बोलता?" म्हणाली. म्हटले, कोणाशी नाही. तिने मला खालून वर पाहिले आणि आज उगाच जास्त वेळ थांबली. अंगण दोनदा झाडले.

ठरवले आहे. म्हणणार. उत्तरा भिंतीला टेकून बसते, हे मला कळल्यावर दुसरे काय ठरवायचे असते?

१२ ऑक्टोबर

बंगल्याच्या दिवाणखान्यात गालिचा. शेटजी मधे, त्यांच्या डावीकडे रेल्वेचा एक गोरा साहेब आणि पिंटो, उजवीकडे अण्णा आणि विश्राम. मला एक खुर्ची, दोघांच्या बरोबर मधोमध. तिथे बसल्यावर वाटले, इथेच बसलो आहे महिनाभर.

अण्णांनी सुरुवात केली. किती गोड बोलतात! "पंच माझे जामात आहेत. त्यांच्या सचोटीबद्दल कोणालाही शंका नाही, मला तर नाहीच. पण डोळा तो माणसाचा. सूर्य उतरता, खेळाडूंची दाटी. आपली खात्री नाही हे मान्य करण्यात कमीपणा नाही, मोठेपणाच आहे." मग माझ्याकडे वळून, मायेने — "बोला, त्रिंबकराव."

शेटजी म्हणाले, "मास्तर, तमे सांगा ने, हाथ लागला होता?"

मी उभा राहिलो. वाक्य तयार होते. तोंड उघडले. समोर विश्राम बसला होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. तो आपल्या उजव्या मनगटाकडे पाहत होता. आणि मला वाटले, आता मी ते वाक्य म्हटले तर इतक्या माणसांत हा एकटा उरेल, ज्याला खरे काय ते ठाऊक आहे. माझ्यासारखाच एकटा. कदाचित हे मला आत्ता लिहिताना सुचत असेल. तिथे काय वाटले ते नीट आठवत नाही.

म्हटले, "शिट्टी वाजवली तेव्हा मला हात दिसला. त्यानंतर मी पुष्कळ विचार केला, आणि विचार केल्यावर पुष्कळ गोष्टी दिसू लागल्या. पण शिट्टी विचारावर वाजवलेली नाही. डोळ्यांवर वाजवली. हात होता."

साहेबाने मान डोलावली. शेटजी म्हणाले, मग विषय संपला.

अण्णा जिन्यात भेटले. हळू बोलले, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये असे. "मुलगी गेली तेव्हा शाळेत गेलात. आता बायको जाते तर नियम सांगता. तुम्ही माणूस आहात का, त्रिंबकराव?"



१३ ऑक्टोबर

काही नाही.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

पणत्या लावल्या. दोन. शेजारच्या घरी पोरांनी फटाके उडवले तेव्हा दार लावून घेतले, मग पुन्हा उघडले — दिवाळीत दार बंद दिसणे बरे नाही. रखमाबाईने करंज्या आणल्या. तिच्या घरच्या, गुळाच्या. एक खाल्ली.

हेडमास्तर भेटले होते. म्हणाले, सुट्टीत बदलीचा अर्ज करा, दुसऱ्या गावी मन रमेल. करीनही. इथे मला कोणाची वाट पाहायची आहे?

मंदा असती तर आता चालू लागली असती. आज पहिल्यांदा मोठ्याने रडलो. फटाक्यांच्या आवाजात. कोणाला ऐकू गेले नसेल.

१९ ऑक्टोबर, भाऊबीज

ठाण्यात आज विश्रामला ओवाळतील. चांगला भाऊ आहे तो. हे मनापासून लिहितो.

२० ऑक्टोबर

दुपारी दार वाजले. उत्तरा. काखेत गाठोडे. गोविंदा तिला गाडीत बसवून द्यायला आला होता, ठाण्याच्या स्टेशनावरूनच त्याला परत पाठवले म्हणे. वाळली आहे.

मी गाठोडे घेतले. मग ती म्हणाली, "काल दादाला ओवाळलं. तबक खाली ठेवलं आणि अण्णांसमोर सांगितलं — चेंडू दादाच्या हाताला लागला होता. मी पाहिला. माडीवरच्या खिडकीत होते."

म्हटले, "खिडकीत कशाला गेली होतीस?"

"खेळ बघायला नव्हते गेले."

"मग महिनाभर बोलली का नाहीस?"

"मला विचारलं कोणी? दादाने नाही, अण्णांनी नाही." पदराने तोंड पुसले. "तुम्ही तरी काय विचारलंत, चैत्रापासून?"

विचारले. मंदाचे नाव घेऊन विचारले. ती बोलत राहिली, मीही बोललो. दिवा लावायचा राहून गेला.